साडेसहा इंचांची मर्यादा

पिंपरी-चिंचवडला टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात १९९५ साली मर्सिडीज-बेंझच्या गाड्या जुळायला लागल्या, त्या डब्ल्यू १२४ या पिढीच्या. पेट्रोलवर ई २२०, डिझेलवर ई २५०. जर्मनीत ही गाडी १९८४च्या अखेरीस आली होती, म्हणजे आपल्याकडे पोहोचली तेव्हा तिकडे तिची निवृत्ती जवळ आली होती. ज्यांनी ती जपली आहे त्यांच्याकडे आजही तिचं दार तसंच जड, घट्ट मिटतं. एक गोष्ट मात्र आजच्या नजरेला खटकते. मागून पाहिलं की एवढ्या भारदस्त गाडीखाली चार बारीक टायर दिसतात, मडगार्डच्या कमानीत आत ओढून घेतल्यासारखे. शेजारी उभ्या असलेल्या नव्या सेडानला २२५ मिलिमीटर रुंदीचे टायर असतात, हिला १९५चे. जुने टायर बदलायची वेळ आली की मनात येतंच, मूळ रिम तशाच ठेवून जरा रुंद टायर घालावेत का?

दुकानात याचं उत्तर ठरलेलं असतं, ‘बसेल ना साहेब’. त्याचा अर्थ एवढाच की मशीनवर टायर रिमवर चढेल आणि हवा भरली की कडा टक्कन बसतील. गाडीखाली तो नीट चालेल का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर टायरपेक्षा रिमकडे जास्त आहे.

या गाडीच्या बहुतेक मूळ रिम, मग पत्र्याच्या असोत की आठ भोकांच्या अलॉय, साडेसहा इंच रुंद आणि पंधरा इंच व्यासाच्या असतात. रिमच्या मागच्या बाजूला किंवा बोल्टच्या भोकांजवळ ‘६½ जे × १५ एच २’ असं कोरलेलं असतं (जे आणि एच २ या रिमच्या कडेच्या घडणीच्या खुणा) आणि जवळच ‘ईटी’पुढे ४८ किंवा ४९ असा आकडा असतो. ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) टेकणारा भाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे त्याचं माप. हा आकडा जितका मोठा तितकं चाक आत जातं. सुरुवातीच्या लहान इंजिनांच्या काही गाड्यांना सहा इंची रिम आणि १८५/६५ आर १५ टायर असायचे, म्हणून वाचल्याशिवाय गृहीत धरू नये. तीस वर्षांत या गाड्यांच्या चार रिम चार ठिकाणांहून आलेल्या असू शकतात. चारही चाकं उतरवून, मागची घाण पुसून आकडे वाचणं हे पहिलं काम. दुकानात फोन करण्याआधीचं.

टायरवरच्या आकड्यांचा हिशेबही स्वतः करून पाहावा, शाळेतलं गणित पुरतं. १९५/६५ आर १५ मध्ये १९५ ही टायरची नाममात्र रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के एवढी बाजूच्या भिंतीची उंची, आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. भिंत सुमारे १२७ मिलिमीटरची. दोन भिंती आणि ३८१ मिलिमीटरची रिम मिळून चाकाचा व्यास ६३४.५ मिलिमीटर होतो. स्पीडोमीटर, गिअरची गुणोत्तरं, मडगार्डमधली जागा हे सगळं या व्यासाशी बांधलेलं आहे. रुंदी वाढवताना भिंतीचा टक्का खाली आणायचा तो हा व्यास राखण्यासाठी.

आता पर्याय मांडू. २०५/६० आर १५चा व्यास ६२७, म्हणजे मूळ मापाहून सव्वा टक्क्याच्या आतबाहेर कमी. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा किंचित हळू असेल. २१५/६० आर १५चा व्यास ६३९, पाऊण टक्क्याहून कमी वाढ. २०५/६५ आर १५चा ६४७.५, दोन टक्के वाढ. २२५/६० आर १५चा ६५१, अडीच टक्क्यांच्या वर. स्पीडोमीटर कारखान्यातूनच थोडा जास्त वेग दाखवणारा असतो, कारण त्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा युरोपातला नियम आहे. व्यास वाढवला की ही राखीव फट आपण खाऊन टाकतो.

व्यास जुळला म्हणजे काम झालं, असं इथे बऱ्याच जणांना वाटतं. खरी गोम रुंदीत आहे.

प्रत्येक टायरसाठी रिमची किमान आणि कमाल रुंदी ठरलेली असते, आणि एक मोजणीची रिम असते. टायरची प्रत्यक्ष रुंदी त्या मोजणीच्या रिमवर घेतलेली असते. १९५/६५ला साडेपाच ते सात इंचाची रिम चालते, मोजणीची रिम सहा इंची. २०५/६०ला साडेपाच ते साडेसात, मोजणीची पुन्हा सहा. २१५/६०ला सहा ते साडेसात, मोजणीची साडेसहा. २२५/६०ला सहा ते आठ, मोजणीची साडेसहा. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर सुमारे पाच मिलिमीटर फुगतो. म्हणजे आपल्या साडेसहाच्या रिमवर १९५चा टायर प्रत्यक्षात २०६ मिलिमीटरच्या आसपास भरतो, २०५/६०चा २१४, २१५/६०चा २२१ आणि २२५/६०चा २२८. कंपनी बदलली की यात दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात, म्हणून ज्या टायरवर बोट ठेवलं त्याच्या माहितीपत्रकातली रुंदी आणि कोणत्या रिमवर मोजली ते दोन्ही पाहावं.

कागदावर हे चारही टायर साडेसहाच्या रिमवर मान्य आहेत. पण मान्य असणं आणि टायर आपल्या पूर्ण गुणांनी चालणं यांत अंतर आहे. २०५चा टायर या रिमवर चढला की त्याच्या भिंती जवळजवळ उभ्या, ताणलेल्या राहतात. स्टिअरिंग वळवलं की रबर लगेच ऐकतं. २२५चा त्याच रिमवर चढवला की कडा आत ओढल्या जातात, भिंती बाहेर फुगतात, आणि नक्षीचा पट्टा मधोमध किंचित कमानदार होतो. मग वळणावर आधी भिंत कलते आणि नंतर गाडी वळते. हवा जरा जास्त झाली तर मधला पट्टा आधी झिजतो. रुंद टायरचे पैसे मोजून वळणावरचा नेमकेपणा घालवायचा, असा हा व्यवहार आहे.

मर्सिडीजने स्वतः काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. याच गाडीच्या स्पोर्टलाइन आवृत्तीत २०५/६० आर १५ टायर दिले, तेव्हा सोबत सात इंची रिम दिल्या. पाच लिटरच्या व्ही ८ इंजिनाची ५०० ई बनवली, तिच्या बांधणीत पोर्शे सहभागी होती, तेव्हा २२५/५५ आर १६ टायरांसाठी आठ इंची रिम घेतल्या आणि मडगार्ड बाहेर फुगवले. म्हणजे २२५ हवा होता तेव्हा ज्यांनी गाडी बनवली त्यांनाही रिम आणि पत्रा दोन्ही बदलावे लागले. साडेसहाच्या रिमवर २२५ घालण्याविरुद्ध याहून मोठा पुरावा मला सुचत नाही.

मूळ १९५ची निवडही कंजूषपणाने झालेली नव्हती. ही गाडी वाऱ्याला कमीत कमी अडावी यासाठी जिवाचं रान करून घडवलेली होती, आणि बारीक टायर त्या हिशेबाचा भाग होता. शिवाय रुंद टायर जमिनीला जास्त चिकटतो ही समजूत अर्धीच खरी आहे. एका चाकावर ढोबळमानाने ३५० किलो भार आणि आत दोन बारच्या आसपास हवा असेल, तर जमिनीला टेकणारा ठसा साधारण १७० चौरस सेंटिमीटरचा होतो, पोस्टकार्डापेक्षा जरासा मोठा. भार आणि हवा तीच ठेवून टायर रुंद केला तर ठशाचं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, फक्त त्याचा आकार बदलतो. आडवा जरा मोठा, उभा जरा आखूड. कोरड्या वळणावर आडवा ठसा मदत करतो. पावसात तोच नडतो, कारण टायरला रुंद पट्ट्यातलं पाणी बाजूला सारावं लागतं आणि ते करायला लांबी कमी मिळते. खंडाळ्याच्या घाटातून उतरताना काँक्रीटवर पाण्याचा थर असेल तर नक्षी किती खोल आहे आणि रबर किती ताजं आहे याला रुंदीपेक्षा कितीतरी जास्त महत्त्व असतं. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते. पावसाळ्यासाठी मी तीनच्या खाली आलेला टायर भरवशाचा मानत नाही.

आता इनोव्हाच्या टायरबद्दल, कारण दुकानात तोच सर्वांत आधी पुढे केला जातो. जुन्या टोयोटा इनोव्हाचं माप २०५/६५ आर १५. प्रत्येक गावात मिळतो, स्वस्त पडतो आणि भाराचा आकडाही जास्त असतो. मूळ टायरचा ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, याचा ९४ म्हणजे ६७० किलो. मर्सिडीजच्या कमानीत तो मावल्यासारखा दिसतोही. पण त्याची त्रिज्या साडेसहा मिलिमीटरने वाढते, म्हणजे मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असताना चाक वर दबलं की कमानीची कड तेवढी जवळ येते. वेगाचं अक्षरही वाचावं. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी १९०, एच २१०, व्ही २४०. ई २२०चा कमाल वेग २१०च्या घरात आहे. आपल्या रस्त्यावर कुणी त्या वेगाने जाऊ नये हे खरंच, पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो हे सांगतं, आणि मे महिन्यात भरलेल्या गाडीने तासनतास शंभरने जाणं ही उष्णतेचीच परीक्षा असते. या गाडीला एचच्या खालचा टायर घालू नये. हलक्या अक्षराचा रुंद टायर हा माझ्या मते सर्वांत वाईट सौदा आहे.

माझा कौल असा. चांगल्या कंपनीचा, एच किंवा व्ही अक्षराचा, ताज्या तारखेचा २०५/६० आर १५ मिळाला तर घ्यावा. तोच या रिमचा खरा रुंद टायर. भाराचा आकडा ९१च असेल तर हवाही मूळ तक्त्याप्रमाणेच ठेवता येते. तो तक्ता पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. प्रत्येक बाजूला जेमतेम चार मिलिमीटर रुंदी वाढते, व्यास कमी असल्याने कमानीत उलट जागा होते, आणि भिंत १२७वरून १२३वर येते, म्हणजे खड्ड्यातला आराम फारसा जात नाही. जमिनीपासूनची उंची पावणेचार मिलिमीटरने घटते. आधीच स्प्रिंग बसलेल्या गाडीने स्पीडब्रेकरवर ते लक्षात ठेवावं. २०५/६० नाहीच मिळाला तर १९५/६५ आर १५चा उत्तम टायर घ्यावा आणि मन खट्टू करून घेऊ नये. २१५/६० रिमच्या मापात बसतो, पण तो फक्त मोजून, तपासून घेणाऱ्यासाठी. २२५ नकोच.

‘मिळाला तर’ म्हणायचं कारण आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर आयएसआय चिन्ह असावं लागतं, त्याचं मानक आयएस १५६३३. जून २०२०पासून टायरची आयात परवान्याखाली गेली. त्यामुळे जी मापं इथल्या गाड्यांना सर्रास लागत नाहीत त्यांचा माल तुटक येतो आणि गोदामात पडून राहतो. म्हणून तारीख बघायची. भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे एकाच बाजूला असतात, दुसऱ्या बाजूला ओळ अर्धवट असते, म्हणून टायर उलटून पाहावा. चारही टायर एकाच वर्षाचे आणि शक्यतो एक वर्षाच्या आतले घ्यावेत. जपलेल्या गाड्या वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालतात. त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी, पण रबर कडक आणि भिंतीला केसासारख्या चिरा. सहा वर्षांनंतर दरवर्षी बारकाईने पाहावं आणि दहाव्या वर्षापुढे दिसायला कितीही चांगला असला तरी काढावा.

कायद्याचा भाग थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९च्या निकालात ते ठामपणे सांगितलं आहे. अपघातानंतर विम्याची माणसं टायरचं माप वाचतात. आपल्या गाडीच्या पुस्तकात जी मापं छापली आहेत त्यांतलं एक निवडलं तर हा प्रश्नच उरत नाही. वेगळं घ्यायचं असेल तर आधी विमा कंपनीला लेखी विचारावं.

टायर घेण्याआधी रिम तपासायची, आणि इथे घाई करू नये. तीस वर्षांच्या अलॉय रिमची आतली कड खड्ड्यांनी वाकलेली असते. बाहेरून काही दिसत नाही. बॅलन्सिंगच्या मशीनवर रिकामी रिम फिरवून कडेजवळ स्थिर टोक धरलं की कुठे उचलते ते कळतं. किरकोळ वाक सरळ होतो. तडा गेला असेल तर वेल्डिंग करून घेऊ नये, ती रिम निवृत्त करावी. टायरची कड बसते तिथे अॅल्युमिनियम पांढरं होऊन पापुद्रे धरतं आणि दर आठवड्याला हवा उतरते. ते मऊ पितळी ब्रशने साफ करावं, ग्राइंडर लावू नये. रबरी व्हॉल्व्ह दर टायरबदलाला नवा. हबचा गंज घासून काढावा, कारण चाकाचं मधलं ६६.६ मिलिमीटरचं भोक हबवर नेमकं बसलं तरच चाक मध्यावर येतं. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला की नव्वद ते एकशेदहाच्या वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि दोष बिचाऱ्या टायरला जातो.

जागा तपासायला एकच टायर आधी चढवून घ्यावा. पुढच्या डाव्या चाकावर बसवून, गाडी जमिनीवर टेकवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावं. रिम तीच असल्याने टायर आत आणि बाहेर सारखाच वाढतो, त्यामुळे बाहेरची कमान पाहून समाधान मानू नये. आतल्या बाजूला स्ट्रट (शॉक अॅब्सॉर्बरचा खांब), प्लास्टिकचा पडदा, ब्रेकचा पाइप या प्रत्येकापाशी बोट जायला हवं. मग टायरच्या दोन्ही खांद्यांवर पांढऱ्या खडूची रेघ ओढावी, मागे तीन माणसं बसवावीत, आणि एखाद्या मोकळ्या आवारात पूर्ण वळसे घेत, स्पीडब्रेकर ओलांडत फिरून यावं. खडू जिथे पुसला तिथे टायर घासतो. तोच टायर मग मागे लावून पुन्हा. तासाभराचं काम आहे. चार टायर चढवल्यावर दुकानदार परत घेत नाही, म्हणून ते आधी करावं.

आणि मग सस्पेन्शन. हा भाग लोक टाळतात. गाडी रस्त्यावर पकड धरत नाही, भरकटते, म्हणून रुंद टायर हवा असं वाटत असेल, तर बहुतेक वेळा दोष टायरच्या रुंदीत नसतो. या गाडीला स्टिअरिंग रॅक (चाकं वळवणारी दात्यांची सरळ पट्टी) नाही, जुन्या पद्धतीचा बॉलवाला स्टिअरिंग बॉक्स आहे. त्यासोबत सांधे जास्त आले. बॉक्ससमोरच्या आयडलर आर्मचे बुश (सांध्यातली अस्तरं), मधला लिंक, टाय रॉड, स्टिअरिंग डॅम्पर, खालच्या आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट. यांतला एखादा सैल असताना रुंद टायर घातला की तो रस्त्यावरच्या प्रत्येक चाकोरीच्या मागे जातो आणि गाडी आधीपेक्षा जास्त भरकटते. मागे प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र दांड्या आहेत, प्रत्येकीला रबर. ते फाटले की मागचं चाक वळणावर आपणहून दिशा बदलतं. हे बुश आधी बदलावेत. खर्च टायरएवढाच येतो आणि कित्येकदा त्यानंतर १९५चाच टायर पुरेसा वाटू लागतो.

अलाइनमेंट टायर बसवल्यावर, चारही चाकांचं. पुढचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) खालच्या आर्मच्या विकेंद्री बोल्टांनी लागतो, मागचा टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) सुद्धा लागतो, हे मशीनवरच्या मुलाला सांगावं लागतं, कारण आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत मागे काही फिरवायलाच नसतं. पुढचा टो मोजताना दोन्ही चाकांमध्ये दाब देणारी दांडी लावायची अशी मर्सिडीजची पद्धत आहे. त्यामुळे सांध्यांतली ढिलाई एका बाजूला जाऊन खरा आकडा मिळतो. दांडी नसेल तर निदान आकडे छापून घ्यावेत आणि पाचशे किलोमीटरनंतर खांद्यांची झीज हाताने चाचपून पाहावी. रुंद टायर चुकीचा टो आतल्या खांद्यावर फार लवकर दाखवतो.

बोल्ट हाताने लावायचे, एक सोडून एक, आणि शेवटी टॉर्क रेंचने ११० न्यूटन-मीटर. हवेच्या गनने नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. बोल्टचा माथा गोल बसणीचा असतो. तिरप्या माथ्याचा बाजारी बोल्ट मापात घट्ट लागला तरी रिमला पूर्ण टेकत नाही.

राहिली स्टेपनी. चार टायर २०५चे आणि डिकीत १९५चा, तर ती फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत. दोन्हींच्या घेरात सुमारे २.४ सेंटिमीटरचा फरक आहे, तो मागच्या डिफरन्शियलला (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरना) लांबवर सोसायला लावू नये. पाचवा टायर त्याच मापाचा घेणं उत्तम. आणि स्टेपनी पत्र्याच्या रिमवर असेल तर तिचे आखूड बोल्ट वेगळे असतात. अलॉयचे लांब बोल्ट पत्र्याच्या रिमला लावले की ते हबच्या पलीकडे निघतात आणि मागच्या डिस्कच्या आत बसवलेल्या हँडब्रेकच्या भागांना जाऊन भिडतात. ते पाच आखूड बोल्ट एका पिशवीत घालून स्टेपनीच्याच खोबणीत ठेवावेत.